मकसूदच्या नावाची कबर

"हमदुल्लाभाई, थांब जरा! शीड चढवू नको!"

दिघीच्या धक्क्यावरून बुधाजी पोस्टमन धापा टाकत आला. हमदुल्लाची होडी आगरदांड्याला निघायच्या बेतात होती, चार उतारू बसलेही होते.

"पाकीट आलंय. विलायती तिकीट हाय. पन नाव मकसूद वल्द दाऊदचं. तो जाऊन चौदा वर्सं झाली की रं! मेलेल्याचं टपाल आता कोणाच्या हातात देऊ?"

"माझ्या."

"अरे, पन..."

"दे म्हणतो ना! मीच मागवलंय ते."

बुधाजीनं पाकीट दिलं आणि मान हलवत तो निघून गेला. हमदुल्लानं उतारूंना दुसऱ्या होडीत बसवलं आणि घरची वाट धरली. उतारूंनी त्याला काय काय नावं ठेवली, ते त्याच्या कानात शिरलंसुद्धा नाही.

मेलेल्याच्या नावानं पाकीट का मागवावं लागलं, ते सांगायलाच हवं. एकोणीसशे चौदा सालच्या उन्हाळ्यात जहाजावर जायची पाळी हमदुल्लाची होती. पण फिरोजाशी त्याचा निकाह होऊन बाराच दिवस झाले होते आणि नव्या नवऱ्याचा पाय घरातून निघेना. "माझ्या दाखल्यावर एक खेप मारून ये," असं त्यानं धाकट्या भावाला, मकसूदला सांगितलं. तेव्हा असं सर्रास चालायचं. साहेबाला सगळे खलाशी सारखेच दिसत, दाखल्यावरचं नाव जुळलं की झालं. सतरा वर्षांचा मकसूद हसत हसत हमदुल्ला होऊन गेला. जहाज जर्मनीच्या बंदरात लागलं आणि तिकडे लढाई पेटली. सगळे खलाशी कैदी झाले. तीन वर्षांनी सरकारी कागद आला, हमदुल्ला वल्द दाऊद छातीच्या दुखण्यानं कैदेत वारला.

झालं! सरकारदरबारी हमदुल्ला मेला, आणि खरा हमदुल्ला दिघीत जिवंत. पुन्हा जहाजावर जायची सोय उरली नाही. खोटं उघडं पडलं तर तुरुंग, या धास्तीनं तो खाडीतल्या होडीवरच राहिला. त्याची आई सकिना मात्र एकच घोकत राहिली, "मरताना तरी लेकरानं आपलं नाव सांगितलं असंल. कबरीवर त्याचंच नाव असंल. मना दाखव एकदा." शेवटी आगरदांड्याच्या बाळाजी मास्तरांकडून त्यानं कबरीचा फोटो मागणारा अर्ज लिहवून घेतला. हमदुल्ला मेलेला, तेव्हा अर्जाखाली सही कोणाची? धाकटा भाऊ मकसूद याची. दीड वर्षानं हे उत्तर आलं होतं.

वाटेत उंडीच्या झाडाखाली बसून त्यानं पाकीट फोडलं. आत इंग्रजी चिठ्ठी आणि एका दगडाचा फोटो. दगडावर वर इंग्रजी, खाली अरबी अक्षरं. मदरशात शिकलेलं त्यानं जुळवून वाचलं. हमदुल्ला. स्वतःच्या कबरीकडे बघावं तसा तो कितीतरी वेळ बघत बसला. बघावं तसा कसला, स्वतःचीच कबर ती!

सकिना पडवीत तांदूळ निवडत होती. फोटो बघताच तिनं सूप बाजूला सारलं.

"काय लिवलंय?"

"मकसूद वल्द दाऊद," त्यानं सांगून टाकलं.

मराठीचं एक अक्षर न येणारी आई, तिला काय कळणार, असं वाटलं बेट्याला. पोरपणापासून कुराण वाचलेली बाई ती! लिहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं, वाचायला मात्र शिकवलं होतं. आणि हा शहाणा नेमकं तेच विसरला. सकिनानं चष्मा लावला, उजवीकडून बोट फिरवलं आणि ते थांबलं.

"ह्यावर तुझं नाव हाय."

हमदुल्ला तिच्या पायांशी बसला. "माय, मीच धाडला गं त्याला. मी गेलो असतो तर बरं झालं असतं."

"व्हय. तूच धाडलास."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. आज बोलली.

"पन त्यानं मरताना तरी सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर तुला धरून नेलं असतं. त्याला म्हाईत व्हतं ते. शेवटपरेंत तोंड उघडलं न्हाय माझ्या लेकरानं."

हमदुल्ला उठला. "उद्याच्या बोटीनं मुंबईला जातो. साहेबापुढं उभा राहून सांगतो, हमदुल्ला मी, दगड बदला. मग करा माझं काय करायचं ते."

"आन् तुला तुरुंगात बसवून ठेवला तर?"

"ठेवू दे."

"मग मी कोनाकडं बघायचं?"

मशिदीतून संध्याकाळची, मगरिबची अजान आली.

"जायाचं न्हाय," सकिना म्हणाली. "दोघांतला एकच उरलाय मना."

गुरुवार, जुमेरात होती. नमाज झाल्यावर फिरोजानं निखाऱ्यावर लोबान टाकला, खिरीची वाटी पुढं ठेवली. दर जुमेरातीला सकिना मकसूदच्या नावानं फातिहा पढून पुण्य त्याला धाडी. आजही ती संथपणे पढत गेली, पण नावाशी येऊन अडली. तिनं फोटोकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "या खुदा, हमदुल्ला वल्द दाऊदला बख्श."

"माय!" फिरोजा किंचाळली. "जितं मानूस हाय समोर! असं वंगाळ काय बोलतंस?"

"म्हाईत हाय मना. थयं परमुलखात त्याला ह्याच नावानं पुरलाय. दुसऱ्या नावानं धाडलं तर माझ्या पोराला पोचंल कसं?"

फिरोजानं पदर तोंडात कोंबला. हमदुल्लानं आईशेजारी बसून दोन्ही हात वर केले आणि तो "आमीन" म्हणाला.