चांदणीच्या पाठीवर

दिल्लीत सरकारी नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला सहकारी एक गोष्ट न मागता बहाल करतात: घोडेस्वारी तुमच्या रक्तातच असणार. श्यामकांतरावांनी नोकरीभर हे कधी नाकारलं नाही. त्यांचा घोड्याशी संबंध एकदाच, माथेरानला आला होता, तोही लगाम घोडेवाल्याच्या हातात असताना.

त्यामुळे मराठी मंडळाची सहल फरीदाबादमागच्या अरावलीत, अर्धी पायी आणि अर्धी घोड्यावरून ठरली, तेव्हा मागे राहणं अशक्यच होतं. तबेल्याची मालकीण निधी घोडा देण्याआधी प्रत्येकाला वजन विचारत होती. शेजारीच पत्नी विजयालक्ष्मी उभी. तिला ते दिवाळीपासून 'उतरतंय' असं सांगत आले होते.

"अठ्ठ्याहत्तर," श्यामकांतराव म्हणाले. उरलेले अठरा किलो राजधानीत कुठे ठेवून आलात, हे निधीने विचारलं नाही. तिने त्यांना चांदणी नावाची सडपातळ घोडी दिली.

एका घोड्यावर दोघं आळीपाळीने, म्हणून जाताना चांदणीवर आशय बसला. हा गुरुग्रामच्या आयटीतला मुलगा, मोठा हौशी. टेकडीपलीकडे अदलाबदल झाली आणि परतीच्या वाटेला श्यामकांतराव वर चढले. रेताड चढण, दोन्ही बाजूंना काटेरी कीकर, म्हणजे इकडची बाभूळ. चांदणीचा श्वास त्यांना मांड्यांखाली जाणवत होता. ऊन फार आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. उतारावर ती लंगडू लागली, तेव्हा मात्र ते झटकन उतरले.

निधीने पाय चाचपला. सुजला होता. जाताना हिला कोणी पळवलं, असं तिने विचारलं. सपाटीवर थोडीशी, असं आशयने कबूल केलं. मग जानेवारीतल्या राजस्थानच्या वाळवंटातल्या स्वारीतून तुझं नाव कमी, असं निधीने तिथेच सांगून टाकलं. त्या स्वारीसाठी तो वर्षभर रजा साठवत होता. त्याने वाद घातला नाही. चांदणीच्या मानेवर हात ठेवून तो नुसता "सॉरी यार" म्हणत राहिला.

श्यामकांतराव उरलेली वाट लगाम धरून चालले. काका किती हळवे, असं सगळ्या बायका म्हणाल्या. त्यांच्यातल्या कुमुदिनीताईंनी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली 'मुक्या जिवाची कणव'. प्रत्येक अंगठ्यासरशी श्यामकांतरावांना खिशात फोन नसून निखारा आहे असं वाटत होतं.

तबेल्यात गरम भजी आली. त्यांच्या हातातलं भजं तोंडापर्यंत जाईना. ते निधीकडे गेले आणि चूक माझी, माझं वजन जास्त आहे, असं म्हणाले.

निधी हसली. "अंकल, उसे बचाइए मत."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलावं, तर हे. चाऱ्याची पोती मोजायचा काटा कोपऱ्यात होता. श्यामकांतराव जाऊन त्यावर उभे राहिले. शहाण्णव.

विजयालक्ष्मीने विचारलं, "हे उतरलेलं का?"

आशयचं नाव परत घातल्याचं निधीने सांगितलं. श्यामकांतरावांवर ती रागावली नाही. पलीकडे बोट दाखवून म्हणाली, "भारी लोगों के लिए सुलतान है ना, अंकल. सुबह से खाली खड़ा है."

रुंद छातीचा एक तगडा घोडा खरंच निवांत चारा खात उभा होता.

आशय चांदणीच्या पायाला बर्फ लावत होता. श्यामकांतराव शेजारी बसले आणि मी धरू का, असं त्यांनी विचारलं.

"काका, आधीच सांगायचं ना यार," आशय म्हणाला आणि सरकून त्याने जागा दिली.

हात बधिर झाला, तरी श्यामकांतरावांनी बर्फ सोडला नाही.