पेन्सिलची रेघ

प्रयोगशाळेच्या भट्टीतून दगड बाहेर निघाला आणि सूनबाईनं कपाळावर हात मारला. बोटाएवढ्या त्या दगडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी रेघ होती. पेन्सिलची. वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून कापताना तिनंच मारलेली, आणि पुसायची राहिलेली.

झालं! आठवडाभर दाबून, तापवून दगडातून वीज सोडली, ती धावली रेघेवरून. पेन्सिलीत ग्रॅफाइट असतं, आणि ते वीज झकास वाहून नेतं. तिनं रेघ खरवडून पुन्हा मोजलं. वीज जेमतेम सरकली.

जमिनीखाली खूप खोल खडकांतून वीज सहज जाते, ती का? सासरे जन्मभर सांगत आले, ग्रॅफाइटच्या पातळ थरामुळे. त्यांचा जुना सोबती म्हणायचा, खाऱ्या पाण्यामुळे. म्हणून घरात त्याचं नाव खारटराव. भांडता भांडता चाळीस वर्षं गेली, सासरे अंथरुणाला लागले, अन्नावरची वासनाच उडाली. आणि कालच, दगड भट्टीत असतानाच, कोरड्या दगडातूनही वीज जातेय एवढं पाहून या उतावळ्या सूनबाईनं सांगून टाकलं, "बाबा, तुमचंच खरं!" म्हातारा उठून बसला, मागून मागून जेवला आणि खारटरावांना फोन करून त्यानं यथेच्छ चिडवलं.

गप्प बसावं, असं तिला घरी येताना रस्ताभर वाटत होतं. पण ती इतकी दमली होती की खोटं बोलायलाही अंगात जोर नव्हता.

सासरे नुकते जेवायला बसले होते. "बाबा, कालचं चुकलं. दगडावर माझी पेन्सिलची रेघ राहिली होती. वीज तिच्यावरून गेली."

त्यांचा घास हातातच राहिला. "पेन्सिलीनं खूण करतात होय गं?"

"तुम्हीच शिकवलंत, बाबा. शाई तापल्यावर उडून जाते म्हणून."

"हो. मीच." त्यांनी ताट बाजूला सारलं. "फोन लाव त्याला. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

तिनं लावून दिला.

"खारट्या, कालचं विसर. पेन्सिलची रेघ होती ती. आता हस लेका, पोट धरून हस."

पलीकडचं उत्तर त्यांनी ऐकून घेतलं. मग फोन तिच्याकडे दिला.

"हसले का हो खूप?" तिनं भीत भीत विचारलं.

"कुठला हसतोय! म्हणाला, असू दे रे, जेवलास का." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "चाळीस वर्षांत माझी एक चूक सोडली नाही त्यानं. आज सोडून दिली."