माझी पाठ जिथे मोडली ते पान

मित्रांनो, मी एक जुने बायबल आहे. शिवणकामाच्या एका दुकानामागे जे घर आहे, त्यातली सगळ्यात उंच फळी माझी. मानाची जागा म्हणून दिली खरी, पण तिथे हात पोहोचायला स्टूल लागते, आणि स्टुलावर चढण्याइतकी माझी निकड माणसाला रोज कुठे असते?

माझा कागद इतका पातळ आहे की पलीकडची अक्षरे अलीकडे दिसतात. छापखान्यात माझ्या कडांना सोनेरी मुलामा दिला. या मुलाम्याची एक गंमत आहे. त्याने नव्या पानांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि वाचणाऱ्याला एकेक पान नखाने हळूच सोडवावे लागते. त्यामुळे मला कुणी कुठवर वाचले, हे लपून राहत नाही. मला विकत आणणाऱ्या म्हाताऱ्या टेलरने सुरुवातीची थोडी पाने सोडवली. मग त्याची नजर अधू झाली आणि ते काम तिथेच राहिले.

त्याला दोन मुलगे होते. थोरला परगावी कारखान्यात होता. धाकटा दुकान सांभाळायचा. त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हे, कपडे बेतणारे मास्तर. वडिलांना दिसेनासे झाले तेव्हा मास्तरांनी त्यांचा हात धरून एका कागदावर सही करून घेतली आणि दुकान आपल्या एकट्याच्या नावावर केले. काही दिवसांनी वडील गेले. थोरला आला, दुकानात उभा राहिला आणि म्हणाला, "मला एका शब्दानं विचारलं असतंस, तर मी नाही म्हटलं असतं का?" मास्तरांनी मशीनवरून मान वर केली नाही. थोरला निघून गेला.

दुकानावर नवी पाटी लागली, त्या दिवशी चर्चचे पाळक प्रार्थनेला आले. पंख्याच्या वाऱ्याने माझी पाने उडू लागली, म्हणून मास्तरांनी चटकन जड लोखंडी इस्त्री माझ्यावर ठेवली. थंड होती, हे माझे नशीब. पाळकांनी उपकार मानण्याचे स्तोत्र वाचले, चहापाणी झाले, मंडळी पांगली. इस्त्री मात्र तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ती उचलली तेव्हा माझी पाठ नेमकी त्या जागी मोडली होती. वाचलेल्या पानाच्या समोरच्या पानावर दुसरेच स्तोत्र होते. देव माझ्या शत्रूंना खाली मान घालायला लावील, अशा अर्थाची एक ओळ त्यात होती.

या घराची एक रीत होती. अडचण आली की प्रार्थना करायची, डोळे मिटून मला उघडायचे आणि बोट टेकवायचे. जी ओळ येईल ते देवाचे उत्तर. आता मोडक्या पाठीचे पुस्तक उघडणार कुठे? थोरल्याने भेटायला येऊ का म्हणून निरोप पाठवला, शत्रूंची ओळ आली. शेजारच्या दुकानदाराशी वाजले, तीच ओळ आली. मुलीला शाळेच्या सहलीला पाठवावे का म्हणून विचारले, तरी तीच. बिचारीची सहल बुडाली.

"बघ, पुन्हा तेच," मास्तर बायकोला म्हणायचे. "देव एकदा बोलला की शब्द फिरवत नाही."

मला तोंड असते तर मी सांगितले असते. पण पुस्तकाला तोंड असून उपयोग नसतो, वाचणारा लागतो. रविवारी मला चेनच्या कव्हरात घालून चर्चला नेत. मास्तरांना ती ओळ अध्यायाच्या आकड्यासकट पाठ होती आणि दुसरा कुणी चुकला तर ते मागच्या बाकावरून दुरुस्त करत. मुलीने वचनपाठांतराची बक्षिसे मिळवली. ती एका दमात सगळे म्हणून टाकायची. एकदा आईने विचारले, "याचा अर्थ काय गं?" ती म्हणाली, "अर्थाला मार्क नसतात." घरात सगळे हसले, मला मात्र वाईट वाटले.

पुढे माझी पाने सुटी होऊन पडू लागली. मास्तरांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, मला बाइंडरकडे नेले. त्याने मला उसवले, पुन्हा शिवले, नवी पाठ चिकटवली. "आता कुठंही उघडेल," तो म्हणाला. बाईंनी मला आणून परत फळीवर ठेवले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत थोरल्याची मुलगी दुकानात आली. उभ्यानेच म्हणाली, "काका, बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे उद्या, इथल्याच दवाखान्यात. सारखी तुमची आठवण काढतायत. आज संध्याकाळपर्यंत भेटू देतील."

"विचारून सांगतो," मास्तर म्हणाले. कुणाला विचारणार, ते तिला कळेना. ती बाकावर टेकली.

मास्तर आत आले, स्टुलावर चढले, मला खाली घेतले. डोळे मिटले, मला उघडले, बोट टेकवले. मग डोळे उघडून पाहतात तो नुसती वंशावळ. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा ढमका.

"हे काय उत्तर झालं?" ते मला पुन्हा मिटू लागले.

बाईंनी मध्ये हात घातला. "देव शब्द फिरवत नाही ना? मग आलंय ते वाचा."

"अगं, नुसती नावं आहेत."

"कुणाच्या घरातली?"

"असेल कुणीतरी."

"बघा तरी कोण ते."

ते पाहायला मागे जावे लागत होते आणि मागची पाने चिकटलेली होती. मास्तरांनी टाके उसवावेत तशी ती नखाने सोडवली. वंशावळ एका थोरल्या भावाची निघाली. त्याच्या धाकट्याने आंधळ्या बापाला फसवून थोरल्याच्या वाट्याचा आशीर्वाद घेतला होता. तिथे मास्तरांचे बोट बराच वेळ अडून राहिले. मग ते सावकाश पुढे वाचू लागले. धाकटा पळून जातो. बऱ्याच वर्षांनी परततो तेव्हा भीतीने त्याची गाळण उडालेली असते. आणि तो थोरला समोरून धावत येतो, त्याला मिठी मारतो, दोघे रडतात.

"हे आधीपासून यात होतं?" मास्तरांनी विचारले.

"असणारच. काल थोडंच छापलंय?"

"मग दर वेळी ते एकच पान का यायचं?"

"अहो, त्या पानावर तुम्ही इस्त्री ठेवली होतीत. पाठ मोडली होती त्याची तिथं. आता बाइंडरनं नीट केलीय."

मास्तर स्टुलावरच बसले. इतकी वर्षे ज्याला देवाचा शब्द समजून भावाला दूर ठेवले, ते इस्त्रीचे वजन होते. मला त्यांची खूप दया आली.

ते मला कव्हराविनाच काखेत मारून पुतणीबरोबर निघाले. गळ्यातली टेप काढायचेही भान नव्हते. दवाखान्यात थोरल्याने आधी ती टेप पाहिली.

"माप घ्यायला आलास का रे?"

मास्तरांना हसू आले नाही. ते खाटेच्या कडेला उभे राहिले. "दादा, बाबांना दिसत नव्हतं. मी त्यांचा हात धरून सही घेतली."

"माहीत आहे मला," थोरला म्हणाला. त्याने पाय आखडून घेतले, खाटेवर जागा केली. "बस."

त्या संध्याकाळी मला कुणी उघडले नाही. माझ्यावर पाण्याचा पेला ठेवला होता, तरी मला राग आला नाही.

थोरला बरा झाला. आता तो दुकानात काजे-बटणांचे काम पाहतो आणि माझी जागा खाली, कापड बेतायच्या टेबलावर आहे. मास्तर रोज एखादे पान सोडवतात. अडले की दादाला विचारतात, त्यालाही कळत नाही, मग दोघे हुज्जत घालत बसतात. ती मला गोड वाटते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखे कुणी असेल. त्याची धूळ पुसता, चांगले करता. पण एकदा त्याच्या कडा बघा. पाने चिकटलेली असतील तर सोडवा. आवडीची ओळ सापडली म्हणून तिथेच मुक्काम करू नका, मागचे आणि पुढचे पानही वाचा. पाठ मोडेल म्हणून जपू नका. वापरातल्या पुस्तकाची पाठ मोडतेच. ती एकाच जागी मोडू देऊ नका, एवढेच माझे मागणे आहे.