छातीवरचा बिनचेहऱ्याचा बाबा

हाजेर तीन रात्री नीट झोपली नाही, म्हणून मी जन्माला आले. मी बोलतेय, स्फॅक्स या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या शहरातल्या एका छोट्या पांढऱ्या टी-शर्टवरची काळी आकृती.

काळजी तशी सांगायला लहानच. बालवाडीत बाईंनी विचारलं, तुमचे बाबा केवढे उंच? कुणी टाचा उंचावल्या, कुणी खुर्चीवर चढलं. हाजेरच्या चार वर्षांच्या सिरीननं तळहात पुढे केला आणि सांगितलं, एवढा. फोनएवढा. सगळे हसले. न्यायला आलेली हाजेरही हसली, आणि मग तीन रात्री छताकडे बघत पडून राहिली.

सिरीनचा बाप मोएझ समुद्रापलीकडे, युरोपातल्या सिसिलीत टोमॅटो खुडतो. ती आठ महिन्यांची असताना तो होडीतून गेला. तिथं राहायचे कागद नाहीत. आला तर परत जाता येणार नाही, आणि कागद कधी मिळतील ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हापासून तो रोज फोनमध्ये येतो, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्याखालचा माणूस लेकीला आठवतच नाही.

मी आधी फोटो होते. रंगीत, हसरी. बंदरावर उभा मोएझ, डोक्यापासून पायांपर्यंत, त्यानं छातीशी घट्ट धरलेली तान्ही सिरीन. हाजेरला तो तसाच छापून हवा होता. पण सिरीन हमखास आजीच्या नमाजाच्या चटईसमोर जाऊन बसते. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, पोराचा फोटो माझ्या उशीखाली आहे, तो तिथंच बरा. त्याचे डोळे समोरून बघत असताना मी माथा कुणापुढे टेकू?"

मग हाजेरनं डोळेच काढायचं ठरवलं. फोटो खिडकीच्या काचेवर धरून कडेकडेनं पेन्सिल फिरवली, ती कड प्लास्टिकच्या फायलीवर उतरवून ब्लेडनं कापली, टी-शर्टच्या आत पुठ्ठा सरकवला, वर ती कापलेली फाईल ठेवली आणि स्पंजनं कापडावरचा काळा रंग टिपत गेली. डोळे गेले, हसू गेलं. मोएझचे बाहेर आलेले कान तेवढे राहिले.

पण बाहेरची कड आतलं काही सांगत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. छातीशी धरलेली पोर माझ्या काळ्या रंगात बुडाली. नणंद वफा मला बघून म्हणाली, "वहिनी, आमच्या दादाचं पोट कधी सुटलं गं? तिकडे पास्ता फार झाला वाटतं." एरवी हाजेर हसली असती. आता ती पुटपुटत बसली, की शिकली-सवरलेली मी, बाप दाखवायला निघाले आणि लेकच पुसून टाकली. रंग धुऊन बघितला, निघाला नाही. शेवटी वर फडकं ठेवून इस्त्री फिरवली आणि मी कायमची पक्की झाले.

तेव्हापासून मी अशी आहे. समोर बघता येत नाही, मागे वळता येत नाही. आत एक तान्हा जीव कोंडलेला आहे आणि त्याला खाली ठेवायला मला हात सुटे नाहीत. तुम्ही कधी अशी आकृती करायला बसलात, तर माझी एक विनवणी आहे. दोन माणसांच्या मध्ये थोडा उजेड सोडा.

शुक्रवारी दुपारी कुसकुस खाऊन झालं आणि मोएझचा फोन आला. सिरीननं मला घातलं होतं. त्यानं मला बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हा कोण गं तुझ्या छातीवर?"

हाजेरनं एका हातात फोन धरला होता, ताटं गोळा करणारा दुसरा हात थांबला. पोर माहीत नाही म्हणाली तर? कुणीच नाही म्हणाली तर?

सिरीननं मान वाकवून मला नीट बघितलं. फोन आईच्या हातातून घेतला, बाबाचा चेहरा बाहेर येईल असा फिरवला आणि माझ्या डोक्यावर टेकवला, बरोबर दोन कानांच्या मधोमध. मग वाकून त्याला म्हणाली, "बाबा, आता तुला पाय आहेत. चालत ये."