थरथर हातात हाय

चारुताला समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत धीर निघत नसे. लहानपणापासून तसंच. शाळेत प्रश्न संपायच्या आत हात वर, आणि आता खारघरच्या ऑफिसात एखाद्याने "मॅडम, मला असं वाटतं की" एवढं म्हटलं, की त्याला काय वाटतं ते हीच सांगून मोकळी. बहुतेक वेळा तिचं बरोबर असे, हीच खरी पंचाईत होती. कधी सपशेल तोंडावर आपटली असती तर सवय सुटली असती.

तिचे आईवडील पनवेलला, वडाळे तलावामागच्या सोसायटीत राहत. वडील, अवधूतराव, त्र्याहत्तर वर्षांचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक जुनी फियाट होती, मलईच्या रंगाची, चारुतापेक्षा वयाने दोन वर्षांनी मोठी. सोसायटीत नव्या गाड्या आल्या, गेल्या, विकल्या गेल्या, पण अवधूतरावांची फियाट पिंपळाखाली आपली जागा धरून होती. तिचं कौतुक करायला येणाऱ्यांना ते चहा पाजत आणि विकत मागायला येणाऱ्यांना पाणीसुद्धा विचारत नसत. आई वसुंधराच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते तिला याच गाडीतून फिजिओथेरपीला नेत. रिक्षात चढताना तिचा गुडघा दुमडत नसे आणि खड्ड्यागणिक कळ मस्तकात जाई. फियाटच्या सोफ्यासारख्या सीटवर ती पाय लांब करून, राणीसारखी बसे.

त्या मंगळवारी चारुता मागे बसली होती. सिग्नलजवळ अवधूतरावांनी ब्रेक दाबला, आणि तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात थरथरत होते. मनगटापासून कोपरापर्यंत. गाडी थांबली तसे हातही थांबले.

"बाबा, हे काय?"

"गाडी आहे. ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं हल्ली. गोरखला दाखवायची आहे, पण—"

"गाडी थरथरते की तुमचे हात थरथरतात?"

अवधूतराव गप्प राहिले. वसुंधरा खिडकीबाहेर बघायला लागली. दोघांनी एकदमच गप्प बसावं, याचा अर्थ चारुताने लावायचा तो लावला. तिला आठवलं, मागच्या रविवारी बाबांच्या हातातली बशी वाजली होती. खरं तर बशी कुणाच्याही हातात वाजते. पण मनात एकदा शंका शिरली, की तिला पुरावे शोधायला वेळ लागत नाही.

रात्रभर तिने मोबाइलवर कंपवाताची माहिती वाचली आणि बुधवारी सकाळी सातलाच पनवेल गाठलं. चहा हातात घेऊनच तिने करार मांडला. गोरख मिस्त्री गाडी तपासेल. दोष गाडीत निघाला तर दुरुस्त करून खुशाल चालवा. गाडीत काही नसलं तर किल्ली तिच्या हातात.

"ठीक आहे," अवधूतराव म्हणाले. त्यांनी कप जरा घट्ट धरला होता. "गोरख खोटं बोलणार नाही."

गोरख बेलपाड्याचा. त्याच्या बापजाद्यांच्या भातशेतीवर खारघरचे टॉवर उभे राहिले, पण याने पनवेलात पत्र्याची शेड टाकून जुन्या गाड्यांचं गॅरेज चालवलं. नवी गाडी कुणी आणली तर तो म्हणे, "हिला काम्पुटर लावा, आमी कान लावतो." अवधूतराव गाडी लावून चालत घरी गेले. चारुताने गोरखला आपला नंबर दिला आणि बजावलं, "जे काय असेल ते मला सांगायचं. बाबांना नाही."

दुपारी बाराला ती मीटिंगमध्ये असताना फोन आला. ती धावतच बाहेर आली. सकाळपासून तिचं कशात चित्त नव्हतं, दोनदा चुकीच्या माणसाला चुकीची फाइल गेली होती.

"ताई, पळस्प्यापर्यंत जाऊन आलो. दोनदा बघितली."

"मग?"

"थरथर हातात हाय. पायात नाय."

चारुताला मागच्या रविवारची वाजणारी बशी आठवली. पाठोपाठ, लाज वाटावी अशी, एक सुटकाही वाटली. आपलं बरोबर होतं.

"नक्की?"

"नक्की म्हंजे? हातातच हाय. आता मी काय करतो—"

"कळलं गोरखदादा. थँक्यू. बाबांशी मी बोलते. गाडी राहू दे तुमच्याकडे, शनिवारी येते."

तिने फोन ठेवला. गोरखने त्यानंतर दोनदा फोन केला. गाडी कधी नेताय हेच विचारत असेल, असं धरून तिने उचलला नाही.

संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं. येताना वाटेत तिने वाक्यं जुळवली होती, हळुवार, समजुतीची. पण दारात बाबांना बघितलं आणि सगळी विसरली. "गोरख म्हणाला, थरथर हातात आहे."

अवधूतराव वाद घालतील, चिडतील, गोरखला फोन लावतील, असं तिला वाटलं होतं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. ते उठले, खुंटीवरची दुसरी किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"मलाही तीच भीती होती," ते म्हणाले. "महिनाभर मनाला सांगत होतो, गाडीचंच असेल. गाडीचं असलं म्हणजे बरं."

वसुंधरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "मी जाईन की रिक्षाने," ती म्हणाली. "रिक्षावाले काय माणसं नसतात?"

शुक्रवारी ती रिक्षाने गेली. चारुता सुट्टी काढून सोबत होती. दोन ठिकाणी वसुंधराने ओठ दाताखाली दाबला, पण तोंडातून हूं की चूं काढलं नाही. त्या आवाज न करण्याने चारुताचा जीव जास्त कासावीस झाला.

त्याहून वाईट घरी होतं. दोन दिवसांत अवधूतराव म्हातारे झाले होते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागले. आमटी वाढून घेताना वसुंधराला म्हणाले, "तूच वाढ, सांडेल माझ्याकडून." दाढी करायची टाळली. संध्याकाळी तलावावरच्या फेरीला गेले नाहीत, कारण तिथले मित्र गाडी कुठे म्हणून विचारतील. चारुता शेजारी बसली, की ते हात मांडीखाली सरकवून ठेवत. तिने डॉक्टरांची वेळ घेतली होती, सोमवारची. तोवर काय करावं ते तिला सुचेना. ती नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली.

शनिवारी ती गॅरेजवर पोचली तेव्हा गोरख फियाटच्या पुढच्या चाकाचे नट आवळत होता. एक आवळला की त्याच्या समोरचा, मग पुन्हा समोरचा, अशा बेताने.

"हे काय?" तिने विचारलं. "मी म्हटलं होतं ना, गाडी राहू दे."

"राहू दे म्हंजे? काम झालं की ताई. तुमी तर फोनच उचलंना."

"कसलं काम? तुम्हीच म्हणालात, थरथर हातात आहे म्हणून."

"हां. हातात हाय म्हनूनच पुढचं खोललं." गोरखने पाना खाली ठेवला. एवढी शिकलेली बाई आणि एवढं साधं कसं कळत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "ब्रेक मारल्यावर थरथर स्टेअरिंगला आली, म्हंजे ती हातात. मंग दोष पुढच्या चाकात. पायाखाली पेडलला आली, बुडाखाली सीटला आली, म्हंजे ती पायात. मंग दोष मागं. हळू चालवत हँडब्रेक वढून बघितला, मागची चाकं गपगार. म्हनून तुमाला सांगितलं, हातात हाय, पायात नाय."

चारुता तिथेच आडव्या पडलेल्या टायरवर बसली.

"तुम्ही चालवत होतात तेव्हा? तुमच्या हातात?"

"मंग कुनाच्या? काका तर घरी गेले व्हते." आणि आता गोरखच्याही डोक्यात उजेड पडला. "आवो ताई! तुमी काकांना काय सांगितलं?"

चारुताने मान खाली घातली. त्याने विचारलंही नाही पुन्हा. आत जाऊन खडूचा एक तुकडा घेऊन आला, कारण वाईट वेळेला काय बोलावं हे त्याला कळत नसे आणि ब्रेकविषयी बोलणं त्याला सोपं जाई.

"डाव्या चाकाचा डरम काढला, ब्रेक ज्याला आतून धरतो तो डबा, आनि लेथ मशिनीवर लावला. फिरवला, आनि आतून हा खडू धरला. गोल असता तर खडू सगळीकडं सारखा उमटला असता. हितं दोन बाजूंना उमटला, बाकी कोरा. अंड्यागत झाला व्हता. ब्रेक मारला की फेऱ्याला दोनदा धरायचा, दोनदा सोडायचा, तीच थरथर. बारीक कट मारून गोल केलाय आता." मग तो जरा थांबला. "पन एवढा चांगला डरम असा एकाएकी वाकडा व्हत नाय. गाडी तापलेली असताना चाकावर थंड पानी मारलं का कोनी?"

दसरा. चारुताला लख्ख आठवलं. बाबा पेणहून मावशीला घेऊन आले होते. कर्नाळ्याची खिंड उतरून, पुढे पळस्प्याच्या कोंडीत अर्धा तास ब्रेकवर पाय ठेवून. सणाच्या दिवशीही तिला अकराला मीटिंग होती आणि गाडीची पूजा त्याआधी उरकायची होती. गाडी पिंपळाखाली लागते न लागते तोच तिने पाइप घेतला. आधी चाकं, कारण चिखल चाकांना. डाव्या चाकातून वाफेचा फुस्स आवाज आला होता. "चारू, गाडी तापली आहे, जरा—" बाबा म्हणाले होते. जराच्या पुढे काय होतं ते तिने ऐकलं नव्हतं. नंतर त्याच चाकाला तिने हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि नमस्कार केला.

"मी मारलं," ती म्हणाली.

फियाट तिने स्वतः चालवत घरी आणली. वाटेत मुद्दाम तीनदा ब्रेक दाबला. स्टेअरिंग जागच्या जागी.

घरी तिने काही लपवलं नाही. पाणी तिचं, फोन तिने अर्ध्यात ठेवलेला, अर्थ तिने लावलेला. सांगता सांगता तिला रडू फुटलं. वसुंधराने कपाळावर हात मारला आणि हसायला लागली, मग तीही रडली. अवधूतराव मात्र किल्लीकडे बघत बसले होते.

"म्हणजे गाडीचंच होतं," ते म्हणाले.

"गाडीचंही नाही बाबा. माझं होतं. उठा. चला ना."

खूप मनधरणी केल्यावर ते उठले. वसुंधरा मागे पाय लांब करून बसली, चारुता पुढे. मोकळ्या रस्त्यालाही अवधूतराव विसाच्या वर जाईनात. मागून हॉर्न वाजू लागले. सिग्नल लांब असतानाच त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. गाडी लोण्यासारखी थांबली.

"थरथरलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा."

पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. "आता?"

"अजिबात नाही. मी सांगते ना."

अवधूतरावांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं माप पुन्हा तपासावं तसं.

"बुधवारीही तू इतक्याच ठामपणे सांगितलं होतंस," ते म्हणाले.

चारुताच्या ओठावर उत्तर आलं होतं. तिने ते गिळलं. तलावाला वळसा घालून गाडी पुन्हा सोसायटीच्या दिशेला लागली. गेटाजवळ त्यांनी ब्रेक दाबला आणि बोटं एकेक करून सैल केली, अगदी दोन बोटांवर स्टेअरिंग येईपर्यंत. ते हललं नाही. बोटंही हलली नाहीत. वॉचमनने गेट उघडून धरलं, तरी त्यांनी गाडी आत घेतली नाही.

"नाही थरथरलं," ते म्हणाले.

तिने फक्त मान डोलावली.

"पण चारू, आता दर वेळी ब्रेक दाबताना..." ते थांबले. वॉचमन वाकून बघायला लागला. चारुता दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहिली. "आता दर वेळी मी आधी हातांकडे बघणार."

वाक्य पुरं झालं होतं. या वेळी तिने ते शेवटपर्यंत ऐकलं होतं.