वहिनीनं लावलेलं काजळ

कापसाचा ओला बोळा पापणीवर टेकला, की कोमट पाणी कानामागे ओघळतं, चिकटलेले केस एकेक करून सुटतात – आधी उजवा डोळा, मग डावा – आणि खिडकीतला उजेड खस्सकन टोचतो. देवकीनं डोळे पुन्हा मिटून घेतले. काय बघायचंय आता? आज उमरेडचे पाहुणे तिलाच बघायला येणार होते. जागेश्वरदादानं कालच निरोप धाडला, येऊ नका, पोरीचे डोळे आले. ते काय थांबणार आहेत! पाचपावलीत मुली का कमी आहेत?

“शेजारच्या त्या जयवंताचे डोळे आले, त्याच्या डोळ्यात पाह्यलं असशीन वं तू,” वहिनी म्हणाली.

नुसतं पाहून डोळे येत नाहीत. साथ सुरू झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं पायरीवर उभं राहून साऱ्या मोहल्ल्याला ओरडून सांगितलं होतं – हातानं येतात, टॉवेलनं, उशीनं, एकमेकींच्या काजळानं. वेगळं ठेवा, साबणानं हात धुवा. मी आणि वहिनी शेजारीच उभ्या होतो. ऐकलं होतं की तिनं.

परवा तिचे डोळे लाल होते – चुलीचा धूर, म्हणाली – आणि तरी मला समोर बसवून, हनुवटी धरून, “हालू नको वं बाई,” म्हणत तिनं आधी स्वतःच्या डोळ्यात काजळाचं बोट फिरवलं, मग तेच माझ्या. किती बरं वाटलं होतं, मेलं! आई गेल्यापासून माझी हनुवटी कोणी धरली नव्हती...

असेल धूर. तिला खरंच धूर वाटला असेल. पण नत्थू? रोज आंघोळ झाली की पोराला काजळ घालणारी वहिनी – परवा त्याचे डोळे कोरडेच होते. “काहून वं, आज काजळ नाही?” मी विचारलंसुद्धा. “राहू दे,” म्हणाली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच त्याला उचललं.

ओसरीवर माग खटखटत होता. दादाच्या मागाला सुताच्या कांड्या मी भरते. मी सासरी गेल्यावर कोण भरणार – ती, अंगावर पितं पोर घेऊन? एवढंच होतं तर तोंडानं सांगायचं होतंस गं! मी थांबले असते. थांबले असते का?

नत्थू रांगत आला, बाजेला धरून उभा राहिला, हसला. देवकीचे हात आपोआप पुढे झाले – डोळे पुसून ओले झालेले हात.

“पोराले हात नको लावू वं, देवकी!” वहिनी स्वयंपाकघरातून किंचाळली.

त्या आवाजातली भीती देवकीनं ऐकली, आणि तिला ती गोड लागली. इतकी गोड, की ती स्वतःलाच घाबरली. हात मागे घ्यायला हवेत, हे तिला कळत होतं. ती अजून घेत नव्हती.