लेमी चेक

माझी धाकटी बहीण, चिमी, जाऊन दोन वर्षं झाली होती, पण माझ्या ऑफिसात ती रोज बोलायची.

आम्ही इंग्रजी बोलणाऱ्या ग्राहकांचे फोन घेतो. नव्या पोरापोरींना बोलायला मी शिकवते. पुस्तकी इंग्रजीनं गिऱ्हाईक वैतागतं, म्हणून 'लेट मी'चं 'लेमी', 'गोइंग टू'चं 'गॉना', 'डोन्ट नो'चं 'डनो', असं गिळून बोलायचं. सरावाची वाक्यं चिमीनं हौसेनं रेकॉर्ड करून दिली होती. 'लेमी चेक' म्हणताना ती शेवटी जरा हसायची. "चिमे, नीट बोल," मी टोकायची. ती कसली ऐकतेय! ती वाक्यं ऐकून ऐकून सगळा हॉल तसाच हसायला लागला. पाणी प्यायला उठले तरी मागून चिमी.

मग रोज दुपारी एक मुका फोन येऊ लागला. समोरचं माणूस नुसतं ऐकायचं आणि ठेवून द्यायचं. पोरं त्याला 'भूत' म्हणायची. मी नंबर पाहिला. आमच्या घरचा होता. माझा मोबाइल लागला नाही म्हणून आईनं कधीतरी ऑफिसात फोन केला असणार आणि पलीकडून चिमीचं बोलणं कानी पडलं असणार. तिला इंग्रजीचा गंध नाही, पण लेकीचा आवाज कळायला इंग्रजी कशाला लागतंय? घरी मी अवाक्षर काढलं नाही.

तेवढ्यात नव्या साहेबांनी फर्मान काढलं. शब्द गिळायचे नाहीत, स्पष्ट बोलायचं. जुनी रेकॉर्डिंग त्यांनी मला न विचारताच पुसून टाकली होती. मी तोंड सोडलं, भांडले.

"मॅडम, गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे ना?" ते म्हणाले.

त्यांचं तरी काय चुकलं? शिकवायची नोकरी माझी, त्यामुळे एकेका पोराच्या तोंडून चिमीला मीच काढून टाकलं. हॉल खणखणीत बोलू लागला. घरी आईचं जेवण तुटलं. विचारलं की म्हणायची, "भूकच नाही गं."

शेवटी एका दुपारी मी स्वतः फोनवर बसले. तो नंबर आला. टोकून टोकून चिमीची ढब मला पाठ झाली होती.

"लेमी चेक," मी म्हटलं आणि शेवटी जरा हसले.

पलीकडे श्वास अडकला. मग आई पहिल्यांदाच बोलली.

"चिमे, कुठे होतीस गं इतके दिवस?"

उत्तराची वाट न पाहता ती पुढे म्हणाली,

"आणि मी फोन करते ते ताईला सांगू नकोस हं. रडत बसेल वेडी."

"नाही सांगणार," मी माझ्या आवाजात म्हणायला गेले. निघाला तो चिमीचा.